हर्णे ते पुणे, डिकीतल्या चार बाटल्यांसोबत

डिसेंबरात दोन दिवसांची सुट्टी जुळली आणि मी हर्णेला वैशालीकडे निघाले. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आम्ही एका खोलीत राहायचो. नंतरच्या भेटी बहुतेक फोनवरच. दापोलीला रेल्वे नाही, एस.टी.च बरी. बायकांना अर्धं तिकीट, पण खिडकी हवी तर आधी आरक्षण करा. पुढे हर्णेला रिक्षाही मिळते.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. ओहोटीच्या वाळूत जाळ्यांच्या तुकड्यांसोबत पॅकिंगचं प्लास्टिक अडकलं होतं. वैशालीने ते पायाने उकरून पिशवीत भरलं. ती कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला घट्ट रस, काचेच्या बाटल्यांत विकते. एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने तिला विचारलं होतं, बिनप्लास्टिकचा खोका न फुटता पोचेल का? सोमवारी उत्तर द्यायचं होतं. नाही म्हटलं तर बबल रॅप घ्या, नाहीतर बाहेरगावची विक्री विसरा.

घरी तिने चार बाटल्या पोफळीच्या झावळीच्या रुंद देठात, म्हणजे विरीत, गुंडाळल्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवल्या आणि मध्ये भाताचा पेंढा ठासला.

"हा तू पुण्याला ने."

"कुरिअरने पाठव की."

"इथला कुरिअरवाला ह्यांचा मित्र. माझा खोका म्हटल्यावर पुढच्या सीटवर बसवून नेतो. ती काय परीक्षा झाली? तू डिकीत टाक. आणि मांडीवर घेतलास तर बघ हां!"

सकाळी गरम घावन आणि नारळाचं दूध खाऊन दापोली गाठली. पुण्याच्या एस.टी.च्या डिकीत खोका टाकताना माझाच हात हळू झाला. कंडक्टर म्हणाले, "ताई, काचेचं आहे ना? वर घ्या, जागा आहे."

"नको. इतरांचं ठेवता तसंच ठेवा."

"बघा बुवा. मागून रडू नका."

तासा-दीड तासात मंडणगड आलं. माझं माहेर. गाडी चहासाठी थांबली. मी शिकत असताना याच स्टँडवर आई माझ्यासाठी लोणच्याची बरणी पेंढ्यात बांधून दापोलीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. ती कधीच फुटली नाही. पेंढ्याचं कौतुक मी वर्षानुवर्षं केलं. ते कंडक्टरकाका बरणी पायांत धरून बसायचे, हे तिथे उभं राहिल्यावर आठवलं. आई आता नाही. डिकी उघडून खोका वर घ्यावा असं फार वाटलं. घेतला नाही. पुढे ताम्हिणी घाटात प्रत्येक वळणावर मागून काहीतरी आदळत होतं आणि मी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले होते.

पुण्यात घरी येऊन चप्पलही न काढता खोका उघडला. कोपऱ्यातल्या बाटलीची मान तडकली होती. आगळ सगळं पेंढ्याने पिऊन टाकलं होतं. पुठ्ठा बाहेरून कोरडा.

फोन लावला. वैशालीला सांगितलं, एक फुटली.

"बाकीच्या?"

"तिन्ही ठणठणीत."

"मग खोक्यात तीनच. चौथीच्या जागी पेंढा."

"त्यांना चालेल?"

"सोमवारी विचारते. नाय चाललं तर दापोलीपुरतं विकेन. बबल रॅप नाय घ्यायचा." मग हसली. "डिकीतच होता ना गो?"

"शपथ."

लाल झालेला पेंढा मी गच्चीतल्या कुंड्यांत पसरला. पाणी घातलं की अजून वास येतो. त्या ऑनलाइन दुकानावर वैशालीची विक्री चालू झालीय, एका खोक्यात तीन बाटल्या. मांडीवर घेतला असता, तर तिने लोकांना चार कबूल केल्या असत्या.