घासून गेलेला आकडा

कारखान्यात त्याला सगळे सुताभर म्हणत. लेथवर कुणाचंही काम आलं की हा माप लावणार आणि सांगणार, "सुताभर जास्त आहे," नाहीतर "सुताभर कमी आहे." तीस वर्षं लोखंडाशी संसार केल्यावर माणूसही तसाच झाला होता, थंड आणि मापातला. असा माणूस त्या दिवशी पोलीस ठाण्यात टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "मग काय, मी चोर आहे?"

टेबलापलीकडचा कारकून जागचा हलला नाही. "चोर कोण म्हणतंय? परवान्याच्या पुस्तकात नंबर आहे, बंदुकीवर नाही. आता ही तीच बंदूक कशावरून?"

"कशावरून म्हणजे? माझ्या बापाची आहे!"

"ते नळीवर लिहिलेलं नाही."

सुताभरचे वडील, आबा, जाऊन तीन महिने झाले होते. मागे राहिली ती आजोबांनी फळबाग राखायला घेतलेली दुनळी. बाग गेली, बागेत शिरणारी रानडुकरं गेली, बंदूक तेवढी राहिली. आबांनी ती उभ्या जन्मात दोनदा उडवली, दोन्ही वेळा आभाळात. पण दर रविवारी सकाळी ती मांडीवर आडवी घ्यायची, तेलाचा थेंब टाकायचा आणि दुपारपर्यंत घासत बसायचं, हा त्यांचा नेम. पोरानं जवळ जायचं नाही. "माझ्यामागं तुझीच आहे. तोवर लांबनं बघ," म्हणायचे.

तो लांबून बघत पन्नाशीला आला.

आबा गेल्यावर त्यानं सगळं रीतसर केलं. बंदूक चादरीत गुंडाळली, ठाण्यात जमा केली, पावती घेतली, आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज भरला. वाटलं, महिन्याभरात घरी येईल. आणि तपासणीत कळलं की नंबर नाही. नंबराच्या जागी लोखंड कसं, तर तोंड बघावं असं लखलखीत. ठाण्याचा नियम साधा होता: नंबर नसलेली बंदूक संशयाची. तीन महिन्यांत ओळख पटवा, नाहीतर ती कापून भट्टीत जाणार. त्यातले दोन महिने संपत आले होते.

नंबर कुणी खोडला, हे सुताभरला पहिल्याच दिवशी समजलं होतं. तीस वर्षांच्या रविवारांनी खोडला होता. आणि त्या रविवारांना लागणारा बारीक पॉलिश पेपर कारखान्यातून कोण आणत होतं? तोच. दर महिन्याला अर्धा ताव, खिशात घडी करून. आबा तो हातात घेऊन बोटानं चाचपायचे आणि म्हणायचे, "हा बरा आहे." बापाकडून मिळालेली तेवढीच शाबासकी. रडू यायच्या जागी राग यायचा. आबांचा, कारकुनाचा, स्वतःचा, कुणाचा ते धड कळायचं नाही.

बहिणीनं फोनवर समजूत घातली, "दादा, सोड ना आता. लोखंडच ते."

"तुला सोडायला काय जातंय? आबांच्या मांडीवर एक तर तू बसलीस, नाहीतर ती बंदूक. मी कुठं होतो?"

ती म्हणाली, "आईची औषधं आण येताना," आणि फोन ठेवला.

कारखान्यात शेजारच्या मशीनवरचा जोडीदार म्हणाला, "एवढे नंबर ठोकायचे पंच पडलेत इथं. जमा करायच्या आधी चार आकडे ठोकले असतेस तर?"

"खोटा नंबर ठोकू?"

"खोटा कसा? पुस्तकातला खराच की! तू म्हणजे ना, सुताभरसुद्धा वाकणार नाहीस."

जोडीदार हसला, पण ठोकायच्या बोलण्यावरून याच्या डोक्यात उजेड पडला. कुठलाही चांगला कारागीर जोडाच्या दोन्ही भागांवर एकच नंबर ठोकतो, भाग इकडचे तिकडे होऊ नयेत म्हणून. नळीच्या खाली लाकडाची पट्टी असते. त्या लाकडाच्या आत, लोखंडावर, नंबर असणारच. आणि आबा घासायचे ते वरून. बंदूक खोलायला ते घाबरायचे. खोलली आणि परत बसली नाही तर?

दुसऱ्या दिवशी तो अर्धी रजा टाकून ठाण्यात धावला.

"दोन स्क्रू काढायचेत, साहेब. पाच मिनिटांचं काम."

"जमा वस्तू खोलता येत नाही," कारकून म्हणाला.

"मग तुम्ही खोला."

"आम्हाला खोलता येत नाही."

"येत नाही म्हणजे जमत नाही, की चालत नाही?"

"दोन्ही."

त्यासाठी वेगळा अर्ज. अर्जावर मोठ्या मॅडमची सही. मॅडम बंदोबस्तावर. मॅडम रजेवर. मॅडम आल्या तर अर्ज सापडेना. त्यानं दुसरा लिहिला. दर खेपेला तो मुद्देमालाच्या खोलीच्या जाळीतून आत बघायचा. मोडक्या सायकली, गोण्या, आणि कोपऱ्यात, ओलीच्या भिंतीला टेकवलेली आबांची दुनळी. चौथ्या खेपेला नळीवर तांबूस ठिपका दिसला. पाचव्या खेपेला तीन.

"निदान तेल तरी लावू द्या!"

"जशी आली तशी ठेवायची."

"जशी आली तशी कुठं राहिलीय?"

कारकुनानं पुढच्या माणसाला हाक मारली.

मुदतीला सहा दिवस उरले तेव्हा मॅडमनी बोलावलं. टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, वर बंदूक ठेवली. "खोला. माझ्यासमोर."

त्यानं हात लावला. चादरीशिवाय, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. लोखंड त्याला वाटलं होतं त्याहून गार लागलं. पहिला स्क्रू सुटला. दुसरा जन्मात कधी फिरलाच नव्हता. त्यानं रॉकेलचा थेंब सोडला, थांबला, पेचकस अलगद दाबून फिरवला. लाकूड निघालं. आत काळं, घट्ट झालेलं वंगण. नखानं खरवडलं तसे आकडे उघडे पडत गेले, कालच ठोकल्यासारखे कोरे. कारकुनानं पुस्तकातून एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि मॅडमनी एकेकाला मान हलवली.

"जुळला," त्या म्हणाल्या. "कापायला नाही जाणार. आता परवाना होईपर्यंत इथंच राहील. सहा महिने, कदाचित जास्त."

"इथं? त्या ओलीत?"

"दुसरी जागा नाही आमच्याकडे. जोडून द्या परत."

त्यानं पेचकस उचलला. लाकूड बसवलं. पहिला स्क्रू आवळला, मग दुसरा. बंदूक त्यानं कधी मांडीवर घेतली, त्याचं त्यालाच कळलं नाही. पेचकस स्क्रूच्या खाचेत तसाच होता आणि डावा हात नळीवरून हळूहळू फिरत होता.

"झालं का?" कारकुनानं विचारलं.

स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता.

"नाही," तो म्हणाला. "सुताभर राहिलंय."