वीस मिलिसेकंदांच्या आत

चिकलठाणा एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे सात माणसं, दोन खोल्या आणि एक गच्ची. खाली पुठ्ठा कापायचं मशीन सुरू झालं की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून तिथं लागले, ती माझी पहिली नोकरी. गाव शेंद्र्याच्या पलीकडं. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि शिकून टेबलाशी बसणारी मी पहिलीच.

माझं काम ज्यांच्या हाताखाली होतं त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. पंचेचाळिशीच्या असतील. सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि पर्समध्ये कायम एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. आधी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करायच्या, प्रोग्रामिंग त्या नंतर आपलं आपण शिकल्या. बोलणं अगदी आमच्या गावाकडचं. मी चार वर्षं होस्टेलवर राहून माझं ‘लई’ आणि ‘नाय’ पुसून काढलं होतं, आणि इथं ही बाई मालकांसमोर खुशाल म्हणायची, “सर, हे लई सावकाश चालतंय, असं चालायचं नाय.” पहिले काही दिवस मला त्यांच्या वतीनं लाज वाटायची. हे आता लिहिताना जड जातं.

आम्ही एक डबा बनवत होतो, आत छोटा कॉम्प्युटर असलेला. शेंद्र्याच्या एका कारखान्यात बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं तयार व्हायची. ती पट्ट्यावरून धावत पुढं जायची. वर आमचा कॅमेरा. प्रत्येक झाकणाचा फोटो घ्यायचा, कड फुटकी आहे का बघायचं, आणि फुटकी असली तर हवेचा एक झोत सोडून ते झाकण बाजूला उडवायचं. हे सगळं ठरवायला प्रोग्रामच्या हातात वीस मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एकविसावं मिलिसेकंद लागलं की झाकण पुढं निघून गेलेलं असायचं.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला विचारलं, “ही कड शोधायची कोडची जी तुकडी लिहिलीस, तिला किती वेळ लागतो?”

“फार नाही, मॅडम. लवकर होतं.”

“लवकर म्हंजे किती?”

मी कोड वरखाली करून बघायला लागले. त्या उठल्या, कपाटातून जुना ऑसिलोस्कोप, विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र, काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या टेबलावर ठेवला. “काम करणाऱ्यालाच त्याची हजेरी लिहायला लावू नये,” म्हणाल्या. “कॉम्प्युटरचं घड्याळ कॉम्प्युटरच बघणार. आपण बाहेरून बघू.”

त्यांची पद्धत सोपी होती. कोडची तुकडी सुरू होताना डब्याच्या एका पिनवर वीज चढवायची, तुकडी संपली की उतरवायची. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरवी रेषा वर चढते, थोडं चालते, खाली उतरते. ती वर जेवढी चालली, तेवढा वेळ. मी लिहिलेल्या ओळी मला पहिल्यांदाच अशा दिसल्या, लांबी असलेल्या. त्या दिवशी मी संध्याकाळची बस चुकवली.

मग महिनेच्या महिने आम्ही दोघी मोजत बसलो. एकेक तुकडी, एकेक फंक्शन. पहिल्या फेरीला नेहमी जास्त वेळ लागतो, कारण लागणारी माहिती अजून जवळच्या मेमरीत आलेली नसते, हे मी तिथं शिकले. डबा तापला की आकडे बदलतात, हेही. एकच तुकडी हजार वेळा चालवली तर हजार वेगळे आकडे येतात, आणि त्यातला कुठला खरा हे ठरवायला मोजणाऱ्याला अक्कल लागते. मॅडम चौकटीच्या वहीत आकडे लिहायच्या. मी म्हटलं, एक्सेलमध्ये घालते. त्या म्हणाल्या, “घाल की. पण हातानं लिवलं की चुकीचा आकडा टोचतो.” आणि खरंच टोचायचा. लिहिताना मध्येच पेन थांबायचं आणि त्या म्हणायच्या, “हे कसं काय?” त्या ‘कसं काय’मागं मग सगळी दुपार जायची.

आई विचारायची, दिवसभर करती काय? मी म्हणायचे, वेळ मोजते. एका सेकंदाचा हजारावा भाग.

“एवढ्या बारक्यात काय व्हतंय?”

मी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या जेवणाचा डबा खाता खाता हसल्या. “तुझ्या आईला म्हणावं, झाकण निसटतंय.”

सहा महिन्यांनी एक गोष्ट झाली. मॅडम दोन दिवस रजेवर होत्या. मी कड शोधायची तुकडी नव्यानं लिहिली. ऑसिलोस्कोप जोडायचा कंटाळा केला, आपल्या कॉम्प्युटरवरच ती एक लाख वेळा चालवली आणि कॉम्प्युटरच्या घड्याळानं मोजली. उत्तर आलं जवळजवळ शून्य. मी तीनदा चालवून बघितलं. शून्य. मला वाटलं, मी काहीतरी विलक्षण केलं. मालक माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले, आकडा बघितला, आणि थोड्या वेळानं पेढे आले. त्यांनी कारखान्यालाही फोन करून सांगितलं की वेग खूप वाढलाय.

मॅडम परत आल्या. त्यांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढली. कोड वाचत हळूहळू खाली आल्या.

“कड सापडल्यावर त्या उत्तराचं काय करतीस?”

“काही नाही. नुसता वेळ मोजायचा होता.”

“मग बघ. उत्तर कुणालाच नको, तर काम कशाला करायचं, असं कंपायलर म्हणला आसंल.”

आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. त्यानं माझी तुकडी वाचली होती, तिच्या उत्तराचा कुठंच उपयोग नाही हे ओळखलं होतं आणि ती पूर्ण गाळून टाकली होती. मी काहीच न होण्याचा वेळ मोजला होता. शेवटी उत्तरांची बेरीज छापायची एक ओळ घातली आणि पुन्हा चालवलं. जुन्यापेक्षाही सावकाश निघालं.

मला रडू फुटलं. मॅडमनी पाण्याची बाटली पुढं केली आणि मालकांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. त्या म्हणाल्या, “सर, तो आकडा चुकलाय. माझ्याकडून तपासायचं राहिलं. कारखान्याला मी फोन करते.” मालक बरंच बोलले. त्या ऐकून घेऊन बाहेर आल्या. त्या तर रजेवर होत्या, तपासणार कशा? पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, आणि मीही उठून सांगितलं नाही.

त्यानंतर मी त्यांना ताई म्हणायला लागले. त्यांच्याशी बोलताना माझं ‘लई’ परत आलं.

डबा तयार झाला तेव्हा सरासरी वेळ बारा मिलिसेकंद होता. सगळे खूश होते. ताईंनी मात्र ऑसिलोस्कोपवर जुन्या रेषा पुसल्या जाणार नाहीत असा खटका दाबला आणि एक पूर्ण दिवस डबा चालवत ठेवला. हजारो रेषा एकावर एक बसून बाराच्या आसपास जाड हिरवा पट्टा झाला. आणि दूर उजवीकडं, एकतीसवर, एक पुसट रेघ. एकच. ताईंनी मला बोलावलं आणि बोट न लावता दाखवली.

“ही कुठनं आली, मला ठाव नाय,” त्या म्हणाल्या. “पन आलीय.”

मालक म्हणाले, दिवसातून एखादं झाकण, कोण बघतंय. पुढच्याच आठवड्यात शेंद्र्याला बैठक होती. कारखान्याचे गुणवत्ता बघणारे साहेब टेबलाच्या पलीकडं, आम्ही तिघं अलीकडं. साहेबांनी विचारलं, किती वेळ लागतो?

मालक म्हणाले, “बारा.”

ताई म्हणाल्या, “सरासरी बारा, साहेब. पन एखाद्या येळी एकतीस लागतात. त्या येळी खराब झाकण पुढं जाईल. आम्हाला अजून दोन आठवडे द्या, कारण सापडंल.”

साहेबांना हे आवडलं नसावं. किंवा त्यांना ताईंचं गावाकडचं बोलणंच पटलं नसावं, मला माहीत नाही. ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, “मॅडम, प्रोग्राम तुम्ही लिहिलाय ना? तुमचं काय मत?”

मालक माझ्याकडं बघत होते. ताई वहीकडं बघत होत्या. मी माझ्या होस्टेलच्या शुद्ध मराठीत म्हणाले, “सरासरी बारा मिलिसेकंद आहे, सर.”

यात खोटं काही नव्हतं. डबा त्याच दिवशी मंजूर झाला.

परतीला गाडीत मालक पुढं, आम्ही दोघी मागं. जालना रोडवर ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटत होतं, त्या काहीतरी बोलतील, मग मी माफी मागीन. विमानतळ गेलं तरी बोलल्या नाहीत. ऑफिसच्या दारात उतरताना फक्त म्हणाल्या, “तुझी वही माझ्या पिशवीत आलीय, घे.”

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, हेच अवघड होतं. कामाचं सगळं सांगायच्या, जेवणाचा डबाही शेजारी बसून खायच्या. पण ‘हे कसं काय?’ म्हणून मला हाक मारणं थांबलं. दोन महिन्यांनी त्यांच्या मिस्टरांची नांदेडला बदली झाली आणि त्यांनी नोकरी सोडली. बदली खरी होती. तरी मला वाटत राहिलं की बैठकीत वेगळं काही झालं असतं तर त्या वर्षभर तरी थांबल्या असत्या. शेवटच्या दिवशी गच्चीवर सगळ्यांनी समोसे खाल्ले. त्यांनी ऑसिलोस्कोप माझ्या टेबलावर ठेवला, वायर नीट गुंडाळून.

पावसाळा संपता संपता शेंद्र्याहून तक्रार आली. फुटकी झाकणं पुढं जात होती, थोडी, पण जात होती. मालकांनी मला पाठवलं. मी ऑसिलोस्कोप घेऊन गेले आणि पट्ट्याशेजारी एका पाटावर ठेवून तीन पाळ्या बसले. तशीच रेघ, एकतीसवर. या वेळी मी प्रत्येक तुकडीला वेगळी पिन दिली होती. कारण सापडलं ते अगदी साधं. डबा आपली नोंद मेमरी कार्डवर लिहायचा, आणि कार्ड कधीतरी लिहिता लिहिता अडायचं. तेवढा वेळ सगळं थांबायचं. मी नोंद लिहायचं काम वेगळं काढलं, आणखी तीन पाळ्या मोजलं. पंधराच्या पुढं एकही रेघ गेली नाही.

मशीनच्या आवाजातून मी कारखान्याच्या फाटकाबाहेर आले आणि नांदेडला फोन लावला.

“ताई, सापडलं. कार्डवर लिहिताना अडत होतं.”

“किती येळ मोजलंस?”

“तीन पाळ्या. बदल केल्यावर परत तीन.”

“मग बरोबर आसंल.” आणि म्हणाल्या, “चांगलं केलंस.”

मी म्हणाले, “ताई, त्या दिवशी बैठकीत मी...”

“ते राहू दे आता,” त्या म्हणाल्या. “जेवलीस का?”

मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

ती कंपनी पुढं बंद झाली. आता मी गारखेड्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून एका परदेशी कंपनीचं काम करते. तिथं एक टूल आहे. प्रत्येक बदलानंतर ते आपोआप शेकडो तुकड्या चालवतं, वेळ मोजतं, आलेख काढतं, आणि काही सावकाश झालं तर लाल निरोप पाठवतं. शून्य वेळ आला तर तेही ओळखतं. फार चांगलं टूल आहे. कधी एखादा आकडा विचित्र दिसतो, मी त्याच्यावर एकटीच तासभर बसते, कारण सापडतं, आणि मग खुर्चीतून मागं वळून बघते. मागं कपडे वाळत घातलेली दोरी असते. व्हिडिओ मीटिंगमध्ये चौकोनातले चेहरे ‘छान’ म्हणतात. त्यांच्याशी मी इंग्रजीत बोलते, माझ्या आईशी गावाकडचं बोलते, आणि मिलिसेकंदाबद्दल गावाकडच्या मराठीत बोलावं असं आता कुणी नाही.

गेल्या दिवाळीनंतर जुन्या ऑफिसमधला एकजण भेटला. म्हणाला, “मॅडम आल्या होत्या ना? मुलीची परीक्षा होती, सेंटर इथंच आलेलं. चिकलठाण्याला आपल्या ऑफिसजवळच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या दिसल्या मला, पेपर सुटेपर्यंत. तुला भेटल्याच असतील.”

मी त्या संध्याकाळी फोन केला. “ताई, तुम्ही येऊन गेलात, मला सांगितलं नाही.”

“तू कामात आसशील म्हनून नाय केला फोन,” त्या म्हणाल्या. आवाज थोडा बारीक झालाय. मग आपणहून सांगायला लागल्या. नांदेडला एका आयटीआयमध्ये शिकवतात, मुलं चुणचुणीत आहेत, पण मोजायचा कंटाळा करतात. मी हसले. त्याही हसल्या. मी म्हणाले, नांदेडला येते.

“ये की. आधी कळव, सुट्टी टाकते.”

त्याला आता पाच महिने झाले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग कामाची एक डेडलाइन, मग आणखी काही. सकाळची गाडी धरली तर दुपारी नांदेडात पोचता येतं, हे मी कितीदा बघून ठेवलंय. त्या बैठकीबद्दल काय बोलायचं तेही ठरलेलं आहे, आणि ते बोलायला मिनिटसुद्धा लागणार नाही. या रविवारी जायचं म्हणते आहे. त्यांना मात्र अजून कळवलेलं नाही.