शहबाची नोंद

सैन्यातून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर, एकोणीसशे एक्क्याऐंशी साली मी कतारला गेलो. दोहाहून अल खोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराबाहेर, एका शेखांचा खासगी तबेला होता. घोडे बावीस. मॅनेजर आपल्याच सैन्यातले निवृत्त मेजर. त्यांनी तबेला युनिटसारखा चालविला होता, म्हणून त्या नोकरीला मी अजूनही पोस्टिंगच म्हणतो. मला लिहिण्याचा सराव रजिस्टरांपुरताच आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तिथले ट्रेनर होते दफेदार रामचंद्र जगदाळे. माण तालुक्यातले. लहानपणी मेंढपाळांच्या तळावर सामान वाहणारी तट्टे हाकीत वाढले आणि पुढे घोडदळात सतरा वर्षे रायडिंग इन्स्ट्रक्टर होते. आमची ओळख सैन्यातली. मला कतारला बोलावून घेतले तेही त्यांनीच.

दिनक्रम ठरलेला होता. ०४:०० वाजता उठणे. ०४:१५ ला घोड्यांना पाणी, ०४:३० ला दाणा. त्यानंतरच माणसांचा चहा. मी एकदा कप घेऊन आधीच बाहेर आलो, तर दफेदार म्हणाले, "हवालदार, बावीस जणांच्या पंगतीत तुम्ही पहिलेच जेवायला बसला व्हय?"

चहानंतर ते प्रत्येक घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवीत. डोळे मिटून. मी कारण विचारले. म्हणाले, "घोडा डोळ्याला फसवतो. हाताला न्हाई फसवत." पायात कुठे गरमी लागली, म्हणजे आत दुखापत असली, की ते मला सांगत आणि मी ती सिक बुकात लिहीत असे. सिक बुक म्हणजे आजारी घोड्यांचे रजिस्टर. घोडदळाचा रिवाज असा की, सिक बुकात चढलेल्या घोड्यावर कर्नलसुद्धा बसत नाही. दफेदारांना लिहायला वेळ लागे. सही ते माझीच घेत. "तुम्ही लिहिलं म्हंजी मी लिहिलं," असे म्हणत.

त्यांचा जीव शहबा नावाच्या राखाडी घोडीवर होता. ती आली तेव्हा माणसाला चावत असे. दफेदार महिनाभर तिच्या खोपट्याबाहेर नुसते बसून राहिले, तिच्याकडे पाठ करून. एके दिवशी तिने मागून त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवले. त्यानंतर तिच्यावर चाबूक कधी उगारावा लागला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात शेखांकडे पाहुणे येणार होते. १६:३० वाजता त्यांना शहबा दाखवायची होती. त्या सकाळी दफेदारांचा हात तिच्या पुढच्या डाव्या पायावर थांबला.

"शिरेला गरमी हाय. लिवा. आठ दिवस आराम."

मी लिहिले. १०:०० वाजता मेजरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावले.

"हवालदार, ये पन्ना बदलो. शहबा फिट लिखो."

"सर, दफेदार म्हणतात..."

"जगदाळे को मैं समझा दूँगा. सिर्फ चाल दिखानी है, दौड़ाना नहीं. मेरी ज़ुबान है. ये हुक्म समझो."

मी "येस सर" म्हटले. पान काढले आणि नवीन पान लावले. फिट लिहून सही केली. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी हुकूम मोडला नव्हता. शिवाय त्यांनी शब्द दिला होता. हे समर्थन नाही. घडले तसे सांगतो आहे.

मेजरसाहेबांनी दफेदारांना काहीच समजावले नाही. १६:१० वाजता खोगीर चढविण्याचा हुकूम आला.

"सर, घोड़ी सिक बुक में है. मैं नहीं बैठूँगा."

मेजरसाहेबांनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरले. दफेदारांनी एकेक अक्षर लावून वाचले. मग माझ्याकडे पाहिले.

"अक्षर तुमचंच हाय," ते म्हणाले. त्यांनी मला काही विचारले नाही.

मी रजिस्टर मेजरसाहेबांच्या हातून घेऊन मिटले.

"तुम नहीं बैठोगे तो मेहमानों में से कोई बैठेगा," मेजरसाहेब म्हणाले. "वो चाबुक भी लाए हैं."

दफेदारांनी बुटांच्या टाचांचे काटे काढले, माझ्या हातात दिले आणि ते शहबावर बसले.

पहिली फेरी त्यांनी पावलाने नेली. दुसरीही. पाहुणे कंटाळले. मेजरसाहेबांनी हाताने इशारा केला, दौड. दफेदारांनी मान हलवून नकार दिला. तेव्हा मेजरसाहेबांनी जीप चालू करायला लावली. तिकडे शर्यतीत घोड्यांबरोबर गाड्या धावतात, हॉर्न वाजवीत. जीप शहबाच्या अगदी मागे आली. हॉर्न वाजला. घोडी उधळली. लगाम खेचीत दफेदार रिकिबीत उभे राहिलेले मला दिसले. शंभर पावलांवर तिचा डावा पाय मोडला आणि दोघे कोसळले. वेळ १६:५२.

दफेदारांचा खुबा मोडला होता. त्यांना उचलायला आम्ही गेलो तर म्हणाले, "आधी तिला बघा." घोड्यांच्या डॉक्टरांनी तिला कायमचे झोपविण्याचे इंजेक्शन दिले. तिचा श्वास थांबेपर्यंत दफेदारांनी तिच्या मानेवरचा हात काढला नाही.

तिसऱ्या दिवशी शेखांसमोर चौकशी झाली. दफेदार हॉस्पिटलात होते.

"हवालदार, एंट्री तुम्हारी है?" मेजरसाहेबांनी विचारले.

"येस सर."

"घोड़ी फिट थी?"

"येस सर."

रिपोर्ट झाला: स्वाराचा निष्काळजीपणा. त्याच कागदासह दफेदारांना घरी पाठविले.

मी चार वर्षांनी परत आलो आणि त्यांच्या गावी गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते, शेजारी काठी. पंचक्रोशीत त्यांच्याकडे कोणी घोडा दाखवायला आणीत नव्हते. परदेशात धन्याची घोडी मारली, एवढेच लोकांना ठाऊक होते.

"दफेदार, ते पान..."

"ऱ्हाऊ द्या. हुकूम असंल. तुम्ही शिपाईगडी." वहिनींनी चहा आणला. त्यांनी तो संपविला. मग म्हणाले, "हवालदार, एक सांगा. पाय दुखतोय हे तिनं मला सकाळीच सांगितलं हुतं. तरी मी बसलो. तिला काय वाटलं असंल?"

मी रिकामे कप उचलून वहिनींकडे नेऊन दिले.

पुढच्याच वर्षी ते गेले. मी खांदा दिला. स्मशानात गावातले माजी सैनिक जमले होते. तिथे बोलायला हवे होते. बोललो नाही.

दफेदार रामचंद्र जगदाळे, घोडदळ, सेवा सतरा वर्षे. शहबा, राखाडी घोडी, वय सात. त्या सकाळी घोडीच्या पायात गरमी होती, आणि तसे दफेदारांनी सांगितले होते. फिट मी लिहिले.