चाखणाऱ्या बाईंचा डाएट

केकच्या दुकानातल्या मुख्य कारागीर बाईंचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी बारा किलो वजन उतरवायला सांगितलं. सुट्टीच्या दिवशी बाईंनी वजन कमी करून देणारी तीन ठिकाणं पालथी घातली आणि तिन्हीकडे एकच प्रश्न विचारला, "मला दिवसाला चाळीस वेळा क्रीम चाखावं लागतं. त्याचं काय करू?"

पहिल्या ठिकाणी तयार डबे मिळत. तिथली मुलगी म्हणाली, "आमच्या डब्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही." दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक घास मोबाइलमध्ये लिहायचा होता. "क्रीमने माखलेल्या हातांनी?" बाईंनी विचारलं, तर तिथला माणूस नुसता हसला. तिसऱ्या ठिकाणी दर आठवड्याला सगळ्यांसमोर वजन करत. तिथल्या ताई म्हणाल्या, "नोकरी बदलता येईल का?"

बाईंचं डोकंच फिरलं. "ही जीभ तयार व्हायला बावीस वर्षं लागलीत!" म्हणत त्या तडक घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच ताईंचा फोन आला. "काल चुकलंच माझं. तुमचा चाखायचा चमचा केवढा आहे?"

"जेवणाचाच आहे."

"मग चहाचा घ्या. तेवढं आपण हिशेबात धरू."

बाईंनी तिथेच नाव घातलं, पण चरफडतच. एवढी साधी गोष्ट विचारायला या लोकांना एक दिवस लागावा?