पस्तीस सीडींचं कॉलेज

बदलीची ऑर्डर आली की आमच्या घरी आधी रद्दी निघते. पेपर, जुन्या वह्या, टवका उडालेले कप, सगळं जातं. किस्से तेवढे कोणी रद्दीवाला घेत नाही! ते आपोआप ट्रकमध्ये चढतात आणि नव्या गावात सामान उघडलं की आधी तेच बाहेर पडतात. परवा गुवाहाटीच्या क्वार्टरमध्ये खोकी उघडताना जुन्या रेशमी साडीत गुंडाळलेल्या पस्तीस सीडी निघाल्या, आणि चंदीगडचे किस्से एकदम अंगावर आले. मी चारचौघांत फारसं बोलत नाही, म्हणून लिहून काढते.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आईचं गणितातलं एम.एस्सी. तीन गावांत अर्धं राहिलं आहे. अकोल्याला लग्नामुळे, भोपाळला बाबांच्या बदलीमुळे, जबलपूरला परत बदलीमुळे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. ते गमतीत म्हणायचे, "आपल्या घरात सगळ्यात जास्त विद्यापीठं हिनंच पाहिलीत!" आई हसायची. पण हसून झाल्यावर ती पुसलेलाच ओटा परत पुसायला घ्यायची, ते बाबांच्या लक्षात येत नसे. माझ्या यायचं.

*

मी नववीत असताना गोखले काकांनी बातमी आणली. काका चंदीगडला युनिव्हर्सिटीत शिकवतात, मराठी मंडळाचे सेक्रेटरीही तेच. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, ऐकलंत का? अमेरिकेतल्या एका बड्या विद्यापीठानं आपले अख्खे कोर्स इंटरनेटवर टाकलेत. फुकट! गणिताच्या एका प्रोफेसराची तर सगळी लेक्चर्स व्हिडिओवर आहेत. आता आमची विद्यापीठं ओस पडणार बघा. खुर्च्या विकायला काढतो आम्ही!"

आईनं बशी हातातच धरून विचारलं, "कोणालाही बघता येतात?"

"कोणालाही."

"वयाची अट?"

"नाही हो."

"मायग्रेशन सर्टिफिकेट लागत नाही?"

काका आणि बाबा खो खो हसले. आईनं मात्र तो प्रश्न अगदी मनापासून विचारला होता.

*

घरचं इंटरनेट फोनच्या तारेवरचं. पाच मिनिटांचा व्हिडिओ उतरायला सकाळची दुपार व्हायची, आणि मध्येच कुणाचा फोन आला की पुन्हा पहिल्यापासून! म्हणून आई स्कूटरवरून सेक्टर ३४ला जायला लागली. तिथे कोचिंग क्लासेसच्या गर्दीत बेदी अंकलचं सायबर कॅफे होतं, त्यांचं कनेक्शन फास्ट होतं. ते दर आठवड्याला एक लेक्चर उतरवून सीडीवर घालून द्यायचे.

आठव्या सीडीला बेदी अंकलना राहवेना. "मॅडमजी, बुरा ना मानना, ये कौनसी पिक्चर है जो खतम ही नहीं होती?"

आई म्हणाली, "पढाई है."

"वो तो मैंने देख ली जी! एक ही आदमी है. ना गाना, ना हिरोइन. बस लिखता है और मिटाता है!"

पण त्यांनाही हळूहळू गोडी लागली असावी. एकदा मी एकटीच सीडी आणायला गेले तेव्हा गल्ल्यावरूनच ओरडले, "बेटा, मम्मी को बता देना, इस हफ्ते सर ने नयी कमीज पहनी है!"

*

सरांची एक सवय होती. वर्गाला प्रश्न विचारला की खडू हातात धरून दोन क्षण थांबायचे. त्या दोन क्षणांत आई उत्तर द्यायची. मोठ्यानं, खणखणीत. भाजीवाल्याशीसुद्धा हळू बोलणारी माझी आई!

एका रविवारी कुकर बघायला म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि मी चुकून व्हिडिओ चालूच ठेवला. सरांनी विचारलं, या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट किती? आतून कुकरच्या शिट्टीवर आवाज आला, "झिरो!"

आणि स्क्रीनवर सर म्हणाले, "झिरो. गुड!"

आई हातात चिमटा घेऊनच धावत बाहेर आली. तिचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा. बाबांनी पेपरमधून डोकं न काढता म्हटलं, "अगं, ते पहिल्या बाकावरच्या मुलाला म्हणाले. आणि तेही तीन-चार वर्षांपूर्वी."

आई म्हणाली, "असेल. पण आज मी त्याच्या आधी सांगितलं!"

*

आमच्या शेजारी सिद्धू आंटी राहायच्या. सरकारी शाळेत हिंदी शिकवायच्या. थंडीत उन्हाला खुर्ची टाकून बसायच्या आणि कुंपणावरून चौकशा करायच्या. आईची वही पाहून एकदा त्यांनी विचारलंच, "डिग्री मिलेगी?"

"नहीं."

"चलो, सर्टिफिकेट?"

"वो भी नहीं."

"पेपर तो होंगे?"

"पेपर हैं. पर जाँचेगा कोई नहीं."

आंटींनी कपाळावर हात मारला. "हाय रब्बा! फिर ये पढाई थोडी है? ये तो प्यार है!"

आई इतकी लाजली, की तिनं वही पदराखाली घेतली.

*

गोखले काकांना आपला अंदाज खरा ठरतोय का हे बघायचं होतं. एका रविवारी ते मुद्दाम आले आणि खोट काढायला म्हणून पहिल्या खुर्चीत बसले. "उच्चार स्पष्ट नाहीत... अक्षर बरं आहे... फळा पुसायची घाई करतो हा माणूस..." असं वीस मिनिटं चाललं. मग त्यांचा आवाज बंद झाला. शेवटी चहा निवला तरी त्यांनी कप उचलला नव्हता.

जाताना त्यांनी एका सीडीची कॉपी मागून नेली. "सहज. रेफरन्सला."

महिन्याभरानं ते उदास चेहऱ्यानं आले. आईनं विचारलं, "काय झालं काका?"

"वहिनी, वीस वर्षं मी नोट्स सांगतोय, मुलं लिहून घेताहेत. आता म्हटलं, आपणही प्रश्न विचारून थांबावं. थांबलो. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! मग मागून एक मुलगा उठला आणि म्हणाला, सर, तब्येत ठीक है ना? पानी लाऊँ?"

*

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे.

आई होमवर्क फेअर वहीत करायची. लाल समास, वर तारीख, आणि उजव्या कोपऱ्यात पट्टीनं आखलेला चौकोन. त्यात लिहिलेलं, "गुण". तो चौकोन कायम रिकामा. मी एकदा म्हटलं, मी देऊ का मार्क? तर म्हणाली, "गुण सर देतात."

उत्तरंही त्याच वेबसाइटवर असायची. आई त्यांचा प्रिंट काढून आणायची, पण स्वतः बघायची नाही. तो माझ्या दप्तरात ठेवायला द्यायची. "मोह होतो गं," म्हणायची. रविवारी मी प्रिंट आणि वही शेजारी ठेवून उत्तरं जुळवायची आणि पेन्सिलीनं टिक करायची. गणित मला कळत नव्हतं, पण आकडे जुळवता येत होते.

एकदा प्रिंटवर उणे तीन होतं आणि वहीत नुसतं तीन. आईनं त्या गणितावर तीन पानं घालवली होती. दोन संध्याकाळी आमटी करपली होती. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला चूक म्हणवेना. मी टिक केली.

दोन आठवड्यांनी पुढच्या होमवर्कमध्ये तेच उत्तर वापरायचं होतं, तेव्हा तिला कळलं. ती रागावली नाही. माझी टिक खोडरबरानं हळूच पुसली आणि म्हणाली, "रेवा, बरोबर म्हणायला घरात पुष्कळ जण आहेत. कोणीतरी चूक म्हणावं, म्हणून तर मी शिकतेय."

पुढच्या रविवारी मी धीर करून तिच्या चुकलेल्या एका अख्ख्या पानावर लाल पेनानं फुली मारली. आई इतकी खूश झाली, की तिनं शिरा केला!

*

जानेवारीत आईनं तोवर झालेल्या भागाची परीक्षा ठरवली. खरी प्रश्नपत्रिका, तीन तास, आमचं डायनिंग टेबल. सुपरवायझर सिद्धू आंटी! बोर्डाच्या परीक्षांचा त्यांना अनुभव होता. त्यांनी आईला दही-साखर भरवली आणि लगेच आवाज बदलून म्हणाल्या, "पर्ची-वर्ची तो नहीं है? कंपास दिखाइए." आईनं निमूटपणे माझा कंपास उघडून दाखवला.

तासाभरानं मराठी मंडळाच्या चार बायका हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन आल्या. आंटींनी दार चार बोटं उघडलं. "अंदर पेपर चल रहा है."

"रेवाचा का?"

"रेवा की मम्मी का."

मला वाटलं, आता या हसतील. पण त्या हसल्या नाहीत. चपला न वाजवता चौघी ओट्यावर उन्हात बसून राहिल्या. मी त्यांना तिथेच चहा नेऊन दिला. मग जोशी काकू कपात बघत म्हणाल्या, "माझं बी.ए.चं एकच वर्ष राहिलं होतं." दुसऱ्या म्हणाल्या, "माझं तर फक्त प्रॅक्टिकल."

तीन तासांनी आंटींनी बशीवर चमचा वाजवून घंटा दिली. आई शाईचे हात घेऊन बाहेर आली, आणि हळदीकुंकू राहिलं बाजूला! जोशी काकूंनी तिला कोपऱ्यात ओढून हळूच विचारलं, "अहो, त्यात इतिहासाचं काही असतं का हो?"

*

आता शेवटचा. पण त्याआधी आईची एक सवय सांगायला हवी.

प्रत्येक लेक्चर संपलं, की पोरं आपापल्या वह्या घेऊन सरांच्या टेबलापाशी रांग लावायची. शंका विचारायला. सर पहिल्या मुलाकडे वळायचे, त्याच्या वहीत वाकून बघायचे, आणि नेमकं तिथेच रेकॉर्डिंग तुटायचं. स्क्रीन काळी. पहिल्या दिवसापासून आईचा राग फक्त त्या काळ्या स्क्रीनवर होता. "विचारलं काय त्यानं? सर म्हणाले काय?" मग ती रांगेतली मुलं मोजायला लागली. आज सहा. आज फक्त दोन, आज सरांना वेळ होता बघ! तिनं वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या शंका लिहून ठेवल्या होत्या. नंबर घालून.

मार्चमध्ये बाबांची ऑर्डर आली. गुवाहाटी. आणि सात लेक्चर्स उरलेली.

त्या दिवशी बाबा चपला काढतानाच म्हणाले, "हे बघ, या वेळी काळजी नाही. हे कॉलेज खोक्यात घालून नेता येतं!" त्यांना खरंच बरं वाटत होतं. आई म्हणाली, "अहो, प्रत्येक गावात मी एक अर्धं ठेवून आलेय. हे या गावात पूर्ण करणार."

मग तिनं धडाकाच लावला. बेदी अंकलनी उरलेल्या सगळ्या सीडी एका दिवसात करून दिल्या. वर गजकाचा, म्हणजे तिळाच्या कुरकुरीत वड्यांचा, डबा दिला. "बेटा, लास्टवाली मैंने नहीं देखी. पहले मॅडम देखेंगी."

निघायच्या दिवशी सकाळी ट्रक दारात उभा. पलंग गेला, फ्रिज गेला, डायनिंग टेबल गेलं. रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता. कॉम्प्युटर तेवढा एका ट्रंकेवर ठेवलेला, कारण शेवटचं लेक्चर बाकी होतं. खुर्च्या ट्रकमध्ये गेल्या होत्या, म्हणून आई वळकटीवर बसली. शेजारी मी. गाडीत खायला पराठे घेऊन सिद्धू आंटी आल्या, त्याही डबा मांडीवर घेऊन बसल्या. बाबा घड्याळ बघत दारात.

सरांनी शेवटची ओळ लिहिली. खडू ठेवला. हात झटकले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. आंटींनीही वाजवल्या, डोळे पुसत. "इक अक्खर समझ नहीं आया, पर बंदा चंगा सी."

मुलं वह्या घेऊन खाली उतरली. रांग लागली. सर पहिल्या मुलाकडे वळले आणि स्क्रीन काळी झाली.

बाबा म्हणाले, "झालं? चल, काढतो मी वायरी. ट्रकवाले खोळंबलेत."

आई उठली. तिनं पर्समधून वही काढली, मागचं पान उघडलं, पदर नीट केला, आणि त्या काळ्या स्क्रीनसमोर जाऊन, दोन हात अंतर सोडून, उभी राहिली.

"अगं, संपलं ना?"

"हो."

"मग?"

"थांबा जरा," आई म्हणाली. "माझ्या पुढे अजून चार जण आहेत."