शिट्टीची वाट

कल्पना करा, तुम्ही मळ्यावरचे गुलाम आहात आणि तुमच्या हातात भाजलेल्या डुकराच्या मांसाचं ताट आहे. स्वयंपाकघर आवारात खाली, मालकाचं जेवणघर वर हवेलीत. सकाळपासून पोटात काही नाही. आणि हुकूम असा, की वर पोचेपर्यंत शिट्टी वाजवत चालायचं. शिट्टी थांबली म्हणजे घास तोंडात गेला, मग चाबूक.

जमैकातल्या मार्लो हॉलमध्ये आयोनी हवेली दाखवायचं काम करायची. स्वयंपाकघरापासून वर जाणाऱ्या वाटेवर आली की ती स्वतः थोडी शिट्टी वाजवून दाखवायची आणि रिकामं ताट एखाद्या गोऱ्या पाहुण्याच्या हातात द्यायची. "चला, वाजवा, नाहीतर जेवण नाही." मंडळी पोट धरून हसायची. ही युक्ती तिची स्वतःची, आणि तिला तिचा अभिमान होता.

गुलामगिरी संपल्याच्या मुक्तिदिनाला गावकऱ्यांना हवेली बघायला फुकट. यंदा तिच्या चर्चची माणसं आली, सगळी त्याच गुलामांची नातवंडं-पतवंडं. सगळ्यात पुढे तिला वाढवणारी आइसिल्डा मावशी आणि चर्चचं कामकाज पाहणारे म्हातारे डीकन ब्रॅमवेल.

"काय इंग्रजी झाडतेय आमची पोर," डीकन म्हणाले. "घरी कोंबड्यांना शिव्या देते तेव्हा ऐका."

सगळे हसले. आयोनी रंगात आली. सवयीनं तिनं ताट उचललं आणि डीकनच्याच हातात ठेवलं. "चला, वाजवा, नाहीतर जेवण नाही."

कुणी हसलं नाही. डीकननी ताटाकडे पाहिलं, वाकून ते हलकेच पायरीवर ठेवलं.

"कुणाच्या हातात दिलंस गं ते?" मावशी म्हणाली.

"मावशी, ते नुसतं गमतीचं..."

"असू दे. पुढचं दाखव."

तिनं पुढचं दाखवलं, पण मान वर होईना. फाटकाशी डीकननी रोजच्यासारखंच विचारलं, "रविवारी येतेस ना?" ते तिला जास्त लागलं. त्यापेक्षा चारचौघांत झापलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा तिनं ताटाला हात लावला नाही. जे घडायचं ते सरळ सांगितलं. कुणी हसलं नाही. मागून एका बाईनं विचारलं, "ते शिट्टीवर वाजवायचे तरी काय?"

आयोनी स्वतः इतकी वर्षं रेडिओवरचं काहीतरी वाजवत आली होती.

संध्याकाळी मावशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आयोनीनं तिला तेच विचारलं.

"माझी आजी घरात कुणाला शिट्टी वाजवू द्यायची नाही," मावशी म्हणाली. "वाजवली की थोबाडीत. का, ते आम्ही कधी विचारलं नाही."

आयोनी तेव्हापासून म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरते आहे: ते काय वाजवायचे? मालकाला आवडेल असं, की त्याला न कळणारं, आपसातलं काही?