बोरूखात्याचे जॉबर

तुमच्या मोरीतलं पाणी कुठे जातं, सांगू शकाल? मोर्चात माझ्या शेजारी घसा फाडणाऱ्या मित्रांना मी हा प्रश्न विचारते तेव्हा ते गटाराकडे बोट दाखवतात, आणि गटार कुठे जातं म्हटलं की घड्याळ बघतात. अख्ख्या मुंबईत ज्याला याचं उत्तर ठाऊक होतं असा एकच माणूस मला भेटला, आणि तो भुताच्या शेजारी बसून विडी ओढायचा. माझ्या मैत्रिणीचे मामा.

भांडुपच्या टेकडीवर त्यांची बैठी चाळ. गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर होते; कामगारांकडून काम करून घेणारे मुकादम. संपानंतर गिरणीचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही, पण मामांच्या अंगातला जॉबर काही उतरला नाही. मांजर उशिरा घरी आलं तरी ‘पाळी चुकवलीस’ म्हणून त्याला दरडावायचे. चाळीचं सांडपाणी उतारावरून खालच्या विहिरीकडे झिरपायचं, आणि चाळ त्याच विहिरीचं पाणी प्यायची. घरोघरची पोरं काविळीने पिवळी पडली तेव्हा मामांनी विहिरीच्या वरच्या अंगाला लांबट खड्डा खणला, तळाला चिकणमाती चोपली, वर खाणीतली खडी भरली आणि पवई तलावाच्या काठचा बोरू, ज्याच्या पूर्वी लेखण्या करत ते उंच गवत, आणून त्यात लावला. गावी मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू पोसतात, तीच अक्कल त्यांनी इथे मोठी करून वापरली. कुणी विचारलंच तर छाती काढून म्हणायचे, “ह्या माझा नवा खाता. हे कामगार तिन्ही पाळ्ये करतत, मुळांनी घाण खातत, आणि पगार मागणत नाय!”

“पगार न मागणारे कामगार बघून तुम्हाला आनंद होतो, मामा?” मी भडकून विचारलं होतं.

“गो, एक बादली कॉस्टिक सोडा ओतून बघ. मग कसो संप करतत ता बघ!”

पण त्या खात्याजवळ उभं राहायला मला कधीच आवडलं नाही. काळं, फेसाळ पाणी एका टोकाला खडीत शिरायचं आणि दिसेनासं व्हायचं. वर सगळं कोरडं ठणठणीत, आणि पायाखाली मात्र कुणीतरी सावकाश घोट घेत असल्यासारखा आवाज. दुसऱ्या टोकाला पाणी बाहेर यायचं ते इतकं निवळ, की त्यात वाकून पाहिलं तर आपलाच चेहरा अनोळखी वाटावा. वारा पडलेला असतानाही मधूनच बोरूची एक ओळ हलायची, कुणी आतून चालत गेल्यासारखी.

चाळीला याचं काय! खड्डा म्हटला की कचरा टाकायचा. खडी तुंबली, घाण वर आली आणि पुन्हा विहिरीकडे निघाली. मामांनी समजावलं, शिव्या दिल्या, एकाची कॉलरही धरली. शेवटी त्यांनी गावचा उपाय काढला. एक काळा दगड बोरूपाशी मांडला, त्याला शेंदूर फासला, नारळ ठेवला आणि जाहीर केलं, की इथे राखणदार, म्हणजे जागा राखणारं भूत, बसवलाय, तो तिन्हीसांजेला फेरी मारतो. त्या दिवसापासून कचरा बंद. इतका बंद, की एका बाईने त्या बाजूची खिडकीच विटा लावून बुजवली.

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी संतापले. “मामा, ही लोकांची फसवणूक आहे. मी याविरुद्ध पत्रक काढणार!”

“काढ. तुझ्या पत्रकान भूत जातला, आणि दुसऱ्या दिवशी कचरो येतलो. मगे इहीर खय नेऊन ठेवतलंस?”

 तरी पत्रक मी लिहिलंच.

पुढे चाळीतली एक मुलगी तापाने फणफणली आणि ‘बोरूतून कुणीतरी हाक मारतंय’ असं बडबडू लागली. झालं! चाळ कमिटीने खड्डा बुजवायचं ठरवलं. दिवेलागणीला दगडमातीने भरलेली हातगाडी आली, मागोमाग सगळी चाळ. मी पत्रक घेऊन पुढे सरसावले.

“थांब गो,” मामा म्हणाले. त्यांनी टोपी सारखी केली आणि दगडासमोर हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. कोकणात असं देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यायचा असतो. एरवी शेजाऱ्यांना खुशाल थापा मारणारा माणूसही गाऱ्हाण्यात खोटं बोलत नाही.

“बा राखणदारा, तुका हय देवान बसवूक नाय. दगड मीच आणलंय, शेंदूर मीच फासलंय. तुझ्या नावान खोटा बोललंय, ता माझ्या माथ्यार. पण खाली इहीर आसा. ह्यो खड्डो बुजलो तर पोरां पुन्हा पिवळी पडतली. ह्येंका तेवढा समजू दे रे म्हाराजा!”

 हवेत पानही हलत नव्हतं. आणि खडीच्या खालून, खूप खोलातून, एक जड हुंकार आला. बोरू या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकला आणि पुन्हा सरळ झाला.

मग हातगाडीवाल्यापासून कमिटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे एका दमात ओरडले, “व्हय म्हाराजा!”

मीही ओरडले. कुजणाऱ्या घाणीतून वायू सुटतो, हे मला ठाऊक आहे. बोरू का वाकला, ते ठाऊक नाही. मामांकडे पाहिलं तर त्यांचाच चेहरा पांढरा पडलेला. “गो,” ते कुजबुजले, “ह्या माझा काम न्हय.”

हातगाडी भरलेलीच परत गेली. दुसऱ्या दिवशी मामांनी आपलं खोटं निस्तरायला तो दगड उचलून टेकडीपलीकडे टाकला, आणि चाळीने तो शोधून परत आणून ठेवला. आता मामा नाहीत. बोरू वाढला की चाळकरी पाळी लावून कापतात, विहिरीला वास नाही, पोरं हुंदडतात. राखणदाराशेजारच्या ज्या दगडावर बसून मामा विडी ओढायचे, तिथे संध्याकाळी कुणी बसत नाही. मी एकदा बसले होते. पायाखाली तोच सावकाश घोट घेतल्याचा आवाज येत होता, आणि का कोण जाणे, या वेळी भीती वाटली नाही, सोबत वाटली.

पत्रक अजून माझ्या पिशवीत आहे. भुताविरुद्धचं एक अक्षरही मी खोडणार नाही. फक्त खाली एक विनंती जोडली आहे, तेवढी माना. आज मोरीत बादली ओतलीत की त्या पाण्यामागून चालत जा. ते जिथे थांबेल तिथे कुणाची तरी विहीर असेल. तिच्या वरच्या अंगाला थोडा बोरू लावा. आणि तो हलला, तर वारा होता का, तेवढं नीट बघून मला कळवा.